पुसून नव्याने

दादाच्या ऑफिसातून भंगारात निघालेला कॉम्प्युटर वहिनीने घरात येऊ दिला तो एकाच अटीवर: तो इस्त्रीच्या टेबलाखाली राहील आणि चार माणसांत दिसणार नाही. माझ्याबाबतीतही तिची साधारण हीच अट होती. नवऱ्याचं घर सोडून मी एका बॅगेनिशी इथे आले, तेव्हापासून भाचीच्या खोलीतला अर्धा पलंग माझा. भाची वाढत होती, पलंग वाढत नव्हता. मला नोकरी हवी होती ती करिअर वगैरेसाठी नाही. आतून कडी लावता येईल असं स्वतःचं दार हवं होतं, बस.

सर्व्हर सांभाळायला मी त्याच मशीनवर शिकले. सर्व्हर म्हणजे दुसऱ्यांचं सगळं पोटात घेऊन कायम जागा राहणारा कॉम्प्युटर. नाव भारदस्त आहे, काम मोलकरणीचंच. दुपारी घर रिकामं झालं की मी टेबलाखाली मांडी ठोकून बसायचे. फुकटचे व्हिडिओ, फुकटची पुस्तकं आणि संध्याकाळी फुकटचे टोमणे.

"काय ताई, आज काय बिघडवलंत?" पर्स खुर्चीवर टाकत वहिनी विचारायची.

बिघडवायचे मी, खोटं कशाला बोलू? एखादी कमांड चुकली की मशीन रुसून बसायचं. सुरुवातीला दुपारभर डोकं खाजवत मी कारण शोधायचे. मग मला अक्कल आली, निदान तेव्हा ती अक्कल वाटली. शोधत कशाला बसायचं? सगळं पुसायचं, पेनड्राइव्ह लावायचा आणि नव्याने उभं करायचं. सगळी मांडणी आपोआप करणारी एक फाइलच मी त्या पेनड्राइव्हवर लिहून ठेवली. चहा उकळेपर्यंत सर्व्हर तयार. कौतुक करायला घरात कुणी नव्हतं, म्हणून मीच माझी पाठ थोपटायचे.

एका कंपनीतून बोलावणं आलं. अगदी खालच्या पायरीची जागा, पण पगारी. लेखी परीक्षेत मी सगळ्यांच्या पुढे होते. बॅकअप का घ्यावा, यावर तर मी पानभर लिहिलं होतं. आयुष्यात एकदाही घेतला नव्हता, तो भाग वेगळा. रिकाम्या मशीनचा बॅकअप घेऊन करणार काय?

मग प्रात्यक्षिक. प्रत्येकाला एक मशीन आणि एक कागद: 'या ऑफिसची मेल बंद पडली आहे. चालू करा.' आपापली साधनं आणायची मुभा होती. मी दोनचार गोष्टी करून पाहिल्या, मेल काही उठेना. शेजारच्या टेबलावरची मुलगी ओळीओळीवर बोट ठेवून मशीनमधल्या नोंदी वाचत होती. मला तिची कीव आली. मी पर्समधून पेनड्राइव्ह काढला.

सगळ्यांच्या आधी मी हात वर केला. विभागप्रमुख बाई आल्या, वाकून पडद्याकडे पाहू लागल्या.

"मेल चालू आहे," मी म्हणाले. आवाजातला तोरा मलाच ऐकू आला.

"हो, आहे. पण लोकांची पत्रं कुठायत?"

"कुठली पत्रं?"

"आधीची. या मशीनवर होती ती. ऑफिस म्हटलंय ना कागदावर?"

"मी सगळं पुसून नव्याने बसवलं."

"अहो, जागा संपली होती फक्त. नोंदींची एक फाइल फुगली होती, तेवढी रिकामी करायची." त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "पुसायच्या आधी आत काय आहे ते पाहिलंत का?"

"घरच्या मशीनवर काही नसायचं."

"इथे असतं," त्या म्हणाल्या आणि पुढच्या टेबलाकडे वळल्या. नोकरी त्या बोट ठेवून वाचणाऱ्या मुलीला मिळाली.

जेवताना दादाने खोदून खोदून विचारलं, तेव्हा मी झालं तसं सांगितलं. त्याने घास गिळला आणि म्हणाला, "तुझं आधीपासून हेच. जरा बिनसलं की सगळं पुसून मोकळी. लग्नात दुसरं काय केलंस?"

माझं डोकंच फिरलं. "तिथे मी वर्षानुवर्षं कारण शोधत बसले होते, दादा! तुला फोन करून विचारायचे, माझं काय चुकतंय. तू म्हणायचास, जुळवून घे. कारण शोधत बसलं की आयुष्य जातं, हे मी तिथूनच शिकून आले."

त्याने भाजीचं भांडं पुढे ओढलं आणि विषय बदलला. पटलं म्हणून नव्हे, भाची ऐकत होती म्हणून.

दुसऱ्या दिवशी मी राग गिळून वहिनीकडे गेले. "तुमचे घरचे फोटो द्या ना. त्या मशीनवर ठेवते. काहीतरी सांभाळायचा सराव तरी होईल."

वहिनीने पहिल्यांदाच टोमणा मारला नाही. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "रागावू नका, ताई. पोरीच्या लहानपणीचे फोटो आहेत. तुमच्या हाती द्यायला माझा जीव होत नाही."

तिचं काही चुकलं नाही, याचाच मला जास्त राग आला. नाही तर नाही, माझेच फोटो ठेवीन म्हणून मी फोन उघडला. लग्नाचे, नंतरच्या वर्षांचे, सगळे मी ते घर सोडताना टॅक्सीत बसून पुसले होते. राहिले होते ते व्हिडिओ थांबवून घेतलेले कमांडचे फोटो.