फक्त फिरदोसचा दाखला

जुळे सोलापुरातली मुलं शाळेत ने-आण करायला श्रीदेवीनं व्हॅन घेतली, तेव्हा ती चालवायला तिचा मावसभाऊ अमरेश होताच. मुलांना चढवायला-उतरवायला एक बाई हवी होती. शुक्रवार पेठेतली फिरदोस आली. बोलायला मोकळी, लेकरांची सवय असलेली. श्रीदेवीला ती बघताक्षणी आवडली. तरी ती म्हणाली, "पोलिसांकडून चारित्र्याचा दाखला आणावा लागेल बघ. लहान मुलांचं काम हाय की."

"आणते की ताई."

दाखल्यासाठी फिरदोसला ठाण्यात हेलपाटे पडले. हवालदार घरी चौकशीला आला, तर गल्लीत कुजबुज सुरू झाली, हिनं काय केलं म्हणून. हे सगळं तिनं हसत हसतच सांगितलं. श्रीदेवीनं दाखल्याची झेरॉक्स ठेवून घेतली आणि विसरून गेली.

शाळा सुरू झाल्यावर पालकांची बैठक भरली. एका मुलीच्या आईनं विचारलं, "या ताईंचा दाखला बघितला. ड्रायव्हरचा कुठाय?"

"अमरेशचा कशाला? तो आमच्या घरचाच माणूस आहे," श्रीदेवी बोलून गेली.

मागे फिरदोस एका पोराच्या बुटाची नाडी बांधत होती. तिचे हात थांबले. मग तिनं गाठ मारली आणि पोराचं बोट धरून बाहेर गेली. श्रीदेवीचे कान तापले.

त्याच संध्याकाळी तिनं अमरेशला अर्ज करायला सांगितलं. तो टाळाटाळ करू लागला. ती खनपटीलाच बसली, तेव्हा म्हणाला, "जेऊरजवळ एका सायकलवाल्याला उडवलं होतं. प्यालेलो होतो. केस चालू हाय अजून."

"आणि तू लोकांची लेकरं घेऊन फिरतोस?"

"तू कधी विचारलंच न्हाईस की, अक्का."

तिनं चावी काढून घेतली. पण फिरदोस त्यानंतर कामावर आली नाही, तेव्हा श्रीदेवी तिच्या घरी गेली.

"माझं चुकलं, फिरदोस. विचारायचं होतं तर दोघांनाही विचारायला पाहिजे होतं."

"दाखला मागितला त्याचं वाईट न्हाई वाटलं, ताई. लेकरांचं काम हाय, बघायलाच पाहिजे. मला वाटलं, सगळ्यांनाच मागता." फिरदोसचा आवाज शांत होता. "आता दुसऱ्या गाडीवर लागले मी."

परत ये म्हणायला श्रीदेवीची जीभ रेटेना. ती उठू लागली, तेवढ्यात फिरदोसची सासू सरदारबी चहा घेऊन आली.

"बसा बेटा. तुमी दाखला काढायला लावला म्हणून हिला दुसरीकडं लगेच काम मिळालं. अल्ला तुमचं भलं करो."

फिरदोसनं सासूला काहीच सांगितलं नव्हतं. आताही तिनं फक्त चहाचा कप श्रीदेवीपुढे सरकवला. श्रीदेवीनं मान खाली घालून कप हातात घेतला. एक घोट घेऊन तिनं तो खाली ठेवला, आणि सरदारबी प्रेमानं विचारत होती, साखर कमी झाली का म्हणून.