दाराआडची जागा

“हात काढ तठून, कादर! ती देवनी जागा शे.”

कादरभाईने भिंतीला लावलेला टेप सुर्रकन परत ओढला. “मग इथं, अक्का? कपाटाच्या वर?”

“तठे पापडना डबा शेतस.”

“पलंगाच्या खाली?”

“खाले ज्वारीनी कोठी शे. ती काय मी डोकावर ली बसू?”

“मग डब्बा काय वटवाघळासारखा छताला टांगू?”

“टांग. पन पंखाले लागाले नको.”

पलंगावर तीन उशांना टेकून बसलेल्या तोतारामआबांना हसू आलं. पण हसणं त्यांना आताशा परवडत नव्हतं. हसण्याच्या शेपटाला धरून खोकला आला आणि तो असा लांबला, की कादरभाईने टेप पुन्हा पुन्हा गुंडाळला आणि भागाबाईने देव्हाऱ्यातल्या गणपतीकडे पाहून घेतलं. खोकला थांबल्यावर तिने पाण्याचा तांब्या पुढे केला आणि म्हणाली, “तुमले कोनी सांगेल व्हतं हासाले?”

भागाबाईचं माहेर धुळ्याकडचं. लग्न होऊन जळगावात आली त्याला नातवंडं पाहण्याइतकी वर्षं झाली, तरी जीभ माहेरचीच राहिली. शाळा दुसरीपर्यंत. पण बोलायला लागली की शिकलेली माणसं चपला शोधायची. तिचं राज्य म्हणजे घरापुढचा ओटा. सकाळचा चहा झाला की ती गोणपाट टाकून तिथे बसायची ती दिवेलागणीपर्यंत. कोणाच्या सुनेने कोणती साडी घेतली, कोणाचा लेक कुठून आणि कोणासोबत आला, सगळं त्या ओट्यावरून गाळूनच गल्लीत पुढे जायचं. आणि तिच्या पाठीशी दार सताड उघडं. दिवसा लावलेल्या दाराविषयी तिचं मत गल्लीला पाठ होतं: घरात एक तर भांडण असतं, नाही तर लपवायसारखं काही.

तोतारामआबांची हयात डाळमिलमध्ये गेली. डाळ लोकांनी खाल्ली आणि भुसा यांच्या छातीत राहिला. गल्लीच्या मागेही मिलच, त्यात रस्ता उकरून ठेवलेला. थंडी पडली की हवा जड व्हायची आणि आबांची छाती पाव्यासारखी वाजू लागायची. मागच्या थंडीत दवाखान्यात न्यावं लागलं, या थंडीत पुन्हा. डॉक्टर म्हणाले, “औषध मी देतो आजी, पण हवा कुठून देऊ?”

हवा द्यायला लेक तयार होती. दिपमाला यावलला दिलेली. केळीच्या मळ्यात घर. ती म्हणाली, “माय, संक्रांत झाली की मी आबांना घेऊन जाते. तू पण चल.”

तू पण चल! लेकीच्या दारात जाऊन राहायचं! गल्लीतल्या सुमनबाईचा बाप लेकीकडे राहायला आला, तेव्हा याच भागाबाईने ओट्यावरून त्याला ‘घरसासरा’ म्हटलं होतं, आणि बिचारा मरेपर्यंत ‘घरसासरा’च राहिला. आता त्या वाटेने तिने जायचं? आणि नाही जायचं, तर आबा यावलला नि ती इथे. तिने नवऱ्याला विचारलं. आबा म्हणाले, “तू म्हनशी तसं.” हे ते लग्नापासून म्हणत आले होते, पण या वेळी पहिल्यांदाच तिला त्यांचा राग आला.

दिपमालाने मोबाइलवर हवा साफ करणारं यंत्र दाखवलं होतं. पाण्याच्या पिंपासारखं गोल, पांढरं. चारही बाजूंनी हातभर जागा मोकळी सोडायची म्हणे. “चारी बाजूले हातभर?” भागाबाई म्हणाली. “इतली जागा या घरमा माले बी नही भेटनी.”

आणि दुसऱ्या दिवशी ती कादरभाईच्या कारखान्यात जाऊन उभी राहिली. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड. उन्हाळ्याआधी तिथे लोखंडी कूलर बनायचे. गल्लीतले निम्मे कूलर त्याच्याच हातचे. थंडीत हात रिकामे होते.

“पानी नको, गारवा नको,” भागाबाईने फर्मावलं. “नुसता कचरा धरी असा कूलर बनाई दे.”

कादरभाई आधी हसला. मग हसायचा थांबला. मग जेवताना घास हातात धरून विचार करू लागला. त्याची बायको अमिनाबी भागाबाईला म्हणाली, “क्या कर दिया अक्का तुमने? ताटातल्या भाकरीला पण फुंकर मारून बघतो.”

पहिल्यांदा त्याने पंख्यापुढे कापसाची जाड गादी लावली. पंख्याचाच दम कोंडला. मग मच्छरदाणीची जाळी लावली. दम मोकळा झाला, पण धूळही मोकळी. भागाबाई रोज जाऊन बघायची, आणि रोज दोन शब्द ऐकवून यायची. शेवटी त्याने नाशिकहून एक कागद मागवला. दवाखान्यात ऑपरेशनच्या खोलीत असतो तसला, पांढरा, लोखंडी चौकटीत बसवलेला. भागाबाईने बोट लावून पाहिलं. कागद सपाट नव्हता, घडीच्या हातपंख्यासारखा दुमडलेला होता.

“हाऊ असा चुरगायेल कसाले?”

“चुरगळलेला नाही, अक्का. कागद बारीक असला की हवा अडते. अडायला नको तर कागद भरपूर पाहिजे. सरळ पसरला तर तुमची आख्खी भिंत जाईल. म्हणून घड्या. जागा कमी, कागद जास्त.”

भागाबाईने मान खाली घालून आपल्या नऊवारीकडे पाहिलं. “मंग असं सांग ना,” ती म्हणाली. “निऱ्या शेतस त्या.”

तेव्हापासून कादरच्या शेडमध्ये त्या कागदाला निऱ्याच म्हणू लागले. डबा चपटा झाला. जाडी वीतभर, उंची तिच्या कमरेइतकी. खालून हवा ओढायची, निऱ्यांतून गाळायची, वरून सोडायची. सगळं जमलं. राहिला प्रश्न ठेवायचा. म्हणून कादरभाई त्या दिवशी टेप घेऊन आला होता आणि खोलीतली प्रत्येक जागा कोणाची ना कोणाची निघत होती.

आबांचा खोकला शांत झाल्यावर भागाबाईने खोलीभर नजर फिरवली. तिची नजर दारावर थांबली. दार आत उघडणारं, भिंतीला टेकलेलं. तिने ते थोडं पुढे ओढलं. मागे कोनाड्याएवढी जागा, तिथे केरसुणी आणि आबांची काठी.

“आख्खं घर मोजं,” ती म्हणाली, “पन दारआडे कोनी देखं का?”

कादरभाईने टेप लावला. डबा नेमका बसत होता, दार त्याला टेकून उभं राहत होतं. “अक्का, मान गये,” तो म्हणाला, आणि भागाबाईने ती दाद हक्काची असल्यासारखी घेतली.

यंत्राला हळदकुंकू लागलं, नारळ फुटला. गल्ली बघायला आली आणि भागाबाईने ओट्यावरून सांगितलं, की हवेलाही निऱ्या असतात. काही दिवसांनी तिने डब्याचं झाकण काढलं तर पांढऱ्या निऱ्या राखेसारख्या झालेल्या. ती चौकटच घेऊन ओट्यावर आली. “हाई देखा. हाई आपन रोज खातस.” सुमनबाईने पदर नाकाला लावला. पुढच्या दिवशी पुन्हा झाकण, पुन्हा चौकट. मळणाऱ्या निऱ्या बघायचा तिला नादच लागला. रस्त्यावरचा ट्रक गेला की त्यातलं किती आलं, कोणाकडे मिरच्या भाजल्या की कसं दिसतं, ती वास घेऊन, बोटाने पुसून बघायची.

पण आबांची छाती वाजायची ती वाजतच होती.

“इतला कचरा धरस, तरी यास्नी छाती काब्र वाजस?” तिने कादरभाईला बोलावून विचारलं.

त्याने पंख्याचा वेग वाढवला. खोलीत कापसाच्या जिनिंगसारखी घरघर सुरू झाली. फरक शून्य. कादरभाई डोकं खाजवत गेला. दिपमालाचा फोन आला: संक्रांत परवावर आली, आबांचे कपडे बांधून ठेव. आबा म्हणाले, “पिशवी कपाटना खालना खनमा शे.” म्हणजे त्यांनी मनातून बांधाबांध सुरू केली होती. भागाबाईने पिशवी काढली नाही.

भोगीच्या दिवशी न्हाणं झालं आणि ती लुगडं नेसायला खोलीत आली. दार तेवढ्यापुरतं लोटलं. छताच्या पत्र्याला एक खिळ्याचं भोक होतं; तिथून उन्हाचा कवडसा तिरका खाली यायचा. लुगड्याच्या निऱ्या चिमटीत धरून ती उभी होती आणि तिचं लक्ष कवडशाकडे गेलं. त्यातले धुळीचे कण नेहमी उगाच वरखाली भटकायचे. आज ते बैलगाड्यांच्या रांगेसारखे एकाच दिशेने निघाले होते, दाराआडच्या डब्याकडे.

तिचे हात थांबले.

“काय व्हयनं?” आबांनी विचारलं.

“चूप ऱ्हा. माले देखू द्या.”

हळूहळू कवडसा विरळ होऊ लागला. जमिनीवरचा उन्हाचा ठिपका होता तस्सा झळझळीत. पण भोकापासून ठिपक्यापर्यंतची ती उन्हाची तिरकी काठी पुसट झाली, आणि मग दिसेनाशीच झाली. भागाबाईने एका हाताने निऱ्या धरून दुसऱ्या हाताने दार उघडलं. बाजार सुटल्यासारखे कण आत शिरले. काठी पुन्हा उभी राहिली. दार लावलं. वाट पाहिली. काठी गेली. उघडलं, आली. लहान पोर नळाशी खेळतं तशी ती बराच वेळ खेळत राहिली, अर्धवट नेसल्या लुगड्याने. आणि शेवटी दार लावून उभी असताना तिच्या लक्षात आलं, की आबांच्या छातीतला पावा थांबलाय.

निरोप गेला तसा कादरभाई धावत आला. तिने त्याला उन्हाची काठी दाखवली, पुसून दाखवली. त्याने कपाळावर हात मारला.

“आपण कूलरवाली माणसं, अक्का! कूलरला बाहेरची हवा लागते, दार उघडं लागतं. याला घरातलीच हवा पुन्हा पुन्हा पाहिजे. आपण दार उघडं टाकून सगळ्या जळगावची हवा धुतोय. वर दाराचं फळकूट डब्याच्या तोंडावर.”

ही शिकवण तिचीच होती. कूलर लावून दार लावलं तर भाजीसारखे शिजाल, हे तिने दर उन्हाळ्यात ओट्यावरून सांगितलं होतं.

“आख्खा गावनी हवा मी काब्र धोवू?” ती म्हणाली, पण आवाजात नेहमीचा फटका नव्हता. “मंग डबा दुसरीकडे ठेव.”

“कुठे? देवाच्या जागेवर?” कादरभाई म्हणाला. “आणि कुठेही ठेवला तरी दार लावावंच लागेल. सकाळ-संध्याकाळ थोडं उघडा. बाकी दिवसभर बंद.”

“दिवसभर?”

“तुम्ही बसा ना ओट्यावर. आबा आत, तुम्ही बाहेर. मी घंटी बसवून देतो. त्यांच्या हाताशी बटण.”

भागाबाईने पलंगाकडे पाहिलं. ठसका लागला की आबांच्या हाताला समोरचा तांब्या सापडत नाही. बटण सापडणार होतं? आणि हाक मारली, तर यंत्राच्या घरघरीतून आणि सागवानी फळ्यांतून त्यांची हाक ती केवढी! उघड्या दारातून तिला त्यांचा श्वाससुद्धा पाठीवर ऐकू यायचा. तेवढ्या भरवशावर ती ओट्यावर बसून राज्य करत होती.

“घंटी नको,” ती म्हणाली.

कादरभाई गेला. ती उठली, ओट्यावर गेली. समोरून सुमनबाईने विचारलं, “काय अक्का, काय म्हणतो तुमचा कारागीर?” भागाबाईने गोणपाट झटकलं, गुंडाळून काखेत मारलं, निवडायच्या तुरीचं सूप उचललं आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी दारावर थाप पडली. एक नाही, दहा. भागाबाईने कडी काढली तर दिपमाला उभी; हातात रिकामी पिशवी, चेहरा पांढराफटक. तिच्यामागे सुमनबाई आणि आणखी चौघी, पदर सावरून, दु:खाला तयार.

“माय!” दिपमाला म्हणाली. “गल्लीच्या तोंडापासून दिसलं... दार लागलेलं... आबा...”

“मझार ये पटकन. हवा चालनी बाहेर.” भागाबाईने लेकीला हाताला धरून आत ओढलं. मग मागच्या बायकांकडे वळून म्हणाली, “आन तुम्ही कसाले उन्या व? रडाले? जा, तियगूळ खा.” आणि दार लावलं.

दिपमाला पलंगाशी गेली. आबा झोपले होते. टेकून नाही, आडवे. एक उशी डोक्याखाली, बाकीच्या दोन पायाशी बाजूला पडलेल्या. तोंड बंद करून माणूस झोपतो तसे. तिने किती दिवसांत बापाला असं आडवं पाहिलं नव्हतं. ती तिथेच पलंगाच्या काठावर बसली. मग म्हणाली, “आवाज केवढा करतं ग हे.”

“त्यास्ले चालस. मिलमा जलम गया.”

“आणि तुला?”

“माले काय व्हस?”

लेकीने ओट्याच्या दिशेने, बंद दाराकडे पाहिलं. पिशवीची घडी घालून तिने ती कमरेशी खोचली. चहा झाला, तिळगूळ झाला. आबा जागे झाले, लेकीला म्हणाले, “तुनी माय म्हनी तसं.” संध्याकाळच्या यावल गाडीने दिपमाला एकटी परतली.

तिला पोचवायला दार उघडलं तेवढंच. लगेच लावलं.

भागाबाई गोणपाटावर बसली, सूप मांडीवर घेतलं. खडा डावीकडे, तूर उजवीकडे. आबांचा डोळा पुन्हा लागला होता. यंत्र घुमत होतं. बाहेर ओट्यावर कोणीतरी येऊन बसल्याचा आवाज आला. बांगड्या वाजल्या, मग आणखी कोणाच्या. सुमनबाई काहीतरी सांगत होती, शब्द कळत नव्हते. सांगता सांगता तिचा आवाज खाली गेला आणि एकदम सगळ्या बायका खळखळून हसल्या.

“काय व्हयनं व?” भागाबाईने सवयीने मान वर करून विचारलं.

फळ्यांपलीकडे कोणालाच ते ऐकू गेलं नाही. तिने दाराकडे क्षणभर पाहिलं. मग खाली मान घालून ती पुन्हा तूर निवडू लागली.