सटवाईचा शेंदूर

साल शहाऐंशीचं. त्या हिवाळ्यात दिंद्रुडजवळच्या एका लहानशा गावात दूध सोसायटीच्या चेअरमनला सहा वर्षांची एक पोरगी कडाडून चावली, आणि पाण्याविना सुकून गेलेल्या त्या गावाला हसायला विषय मिळाला.

"भिवराबाई, तुमची वाघीण बांधून ठिवा!" सुंदरराव मनगट धरून सोसायटीच्या ओट्यावर उभे होते. "म्या फकस्त म्हनलो, पोरी, कॅनला हात लावू नको."

"चेअरमनसाब, तुमची म्हैस तर रोज लाथ मारती. तिला कदी कचेरीत नेलं का?"

ओटा हसला. सुंदररावही हसले. पण छबूला ओढत घरी आणताना भिवराबाईचं हसू वेशीपाशीच संपलं.

छबू तिच्या भावाची, बंकटची लेक. दुष्काळ पडला तसा बंकट आणि त्याची बायको ताराबाई कोयता घेऊन साखर कारखान्यावर ऊस तोडायला गेले आणि पोरीला आत्याकडे ठेवून गेले. भिवराबाई विधवा, मूलबाळ नाही. वेशीवरच्या सटवाईची पूजा तिच्याकडे. सटवाई म्हणजे लेकरांची देवी; पाचव्या रात्री येऊन बाळाच्या कपाळी नशीब लिहिणारी. आली तेव्हा छबू बडबडी होती. शेळ्यांना नावं ठेवायची, कोंबडीशी भांडायची आणि वर तिची समजूतही काढायची.

दिवाळीनंतर पोरगी बदलली. उगाच चिडायची, भिंतीवर डोकं आपटायची, चावायची. मग पोट धरून रडायची. पाठ झालेले पाढे विसरली. शाळेतल्या गुरुजींनी सांगून टाकलं, "भिवराबाई, हिला घरीच राहू द्या." सगळ्यात वाईट म्हणजे, चावून झालं की तीच हुंदके देत विचारायची, "आत्ये, म्या असं कावून करते गं?"

शेजारच्या केसरबाईकडे उत्तर तयार होतं. "वारं लागलंय पोरीला. माज्या भावाकडं धाडा. साकळीला बांधतो, मिरचीची धुरी देतो, पन उतरवतो म्हंजी उतरवतो."

"तुज्या नवऱ्याची दारू उतरली का गं त्याला?" भिवराबाई म्हणाली.

पण केसरबाईने कारखान्यावर निरोप धाडलाच. बंकटचा उलट निरोप आला: पाडव्याला येतो, पोरीला तिकडंच नेऊन बांधू.

भिवराबाईपाशी औषध एकच होतं. छबूला चेव आला की ती तिला देवीपुढे बसवायची आणि कपाळाला, बेंबीला शेंदराचं बोट लावायची. गुण येईना, तशी दोन बोटं लावू लागली. शेंदराला तोटा नव्हताच. पाऊस नाही म्हणून नवस वाढले होते. ज्याला त्याला देवीला शेंदूर चढवायचा होता. भिवराबाई परातीत तेल घालून शेंदूर कालवायची, छबू मांडीला मांडी लावून मदत करायची. परात घरात एकच. टँकरचं पाणी हंडाभर मिळायचं. त्यात परात कोण धुणार? फडक्याने पुसायची आणि त्याच परातीत भाकरीचं पीठ मळायचं.

शेवटी पुढे आले ते सुंदररावच. सोसायटीचा टेम्पो दूध घेऊन माजलगावला निघाला होता. "बसा दोगी. चावलेल्यानंच चावनारीला दवाखान्यात न्यावं, असं हाय माजं नशीब. पोरीला तेवडं खिडकीकडं बसवा, माज्याकडं नको."

दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी छबूच्या पापण्या पाहिल्या, ओठ वर करून हिरड्या पाहिल्या. हिरड्यांच्या कडेला निळसर रेघ होती. मग त्यांनी तिची बोटं उलटी केली. नखांत केशरी रंग भरला होता.

"हे काय?"

"सटवाईचा शेंदूर," भिवराबाई हात जोडत म्हणाली. "त्याच्यावरच तर तगलीय पोर."

"गोड लागतो," छबू म्हणाली आणि बोट चोखून दाखवलं.

डॉक्टरीणबाई खुर्चीवरून उठून भिवराबाईशेजारी बाकावर येऊन बसल्या. "मावशी, हा शेंदूर शिशापासून करतात. शिसं लेकराच्या रक्तात जातं, डोक्यात जातं. मग पोट दुखतं, राग आवरत नाही, शिकलेलं राहत नाही. वारंबिरं काही नाही. रक्त तपासायला औरंगाबादला पाठवू, पण शेंदूर आजपासून बंद."

भिवराबाईने पदराचं टोक थुंकीने ओलं केलं आणि छबूच्या कपाळावरचं शेंदराचं बोट खसाखसा पुसलं. "बरी हुईल का?"

"पोटदुखी थांबेल, चेहऱ्यावर रंग येईल. राग मात्र थोडा राहील बहुतेक. तेवढा तुम्ही सांभाळून घ्या."

रक्ताचं उत्तर तेच आलं. छबूला इंजेक्शनं सुरू झाली. आणि भिवराबाईने गावात जाहीर केलं की देवीला यापुढे शेंदूर नाही, गेरू चढेल.

सोसायटीच्या ओट्यावर कल्ला झाला. "देवी कोपंल! पाऊस पडंल का मंग?" केसरबाई ओरडली.

"मागल्या साली शेंदूर हुताच की," भिवराबाई म्हणाली. "तवा कुटं पडला? आन लेकराची देवी हाय ती. जे लेकराला बाधतंय ते तिला गोड लागंल व्हय?"

धोंडीराम म्हाताऱ्याने तंबाखू मळता मळता विचारलं, "चेअरमन, तुमचं काय म्हननं हाय?"

सुंदररावांनी मनगट वर केलं. "माजा सही-शिक्का पोरीनं आदीच घेतलाय. गेरू आना."

भिवराबाईने खुरप्याने देवीवरचे शेंदराचे थर खरवडले. आतून निघाला एक काळा, गुळगुळीत दगड, तान्ह्या लेकराच्या डोक्याएवढा. बाया वाकून बघू लागल्या. मग केसरबाईच पुढे झाली आणि म्हणाली, "अगं बया, केवडुशी हाय!"

पाडव्याला बंकट आला. छबूने त्याला ओळखून मिठी मारली आणि दाढी टोचली म्हणून एक गुद्दाही हाणला. बंकट म्हणाला, "अक्का, हे तर निरं तुज्यावर गेलंय." साखळीचा विषय पुन्हा निघाला नाही.

पुढे सोसायटी बुडाली. सुंदरराव सत्तरी ओलांडून गेले. शेवटपर्यंत मनगटावरचा वण पाहुण्यांना दाखवायचे. बंकट आणि ताराबाईने गुडघे साथ देईनात तोवर कोयता चालवला. केसरबाईने नातीचा जीव गेरूच्याच देवीपुढे मागितला.

छबू सातवीत दोनदा नापास झाली आणि शाळा सुटली. चौसाळ्याला दिली. राग तिचा गेला नाही. पण तिने त्याला कामाला लावलं. डोक्यात सणक आली की ती कुणाला एक शब्द न बोलता परसात जाते आणि कुऱ्हाड घेऊन लाकडं फोडते. सासू म्हणायची, "आमच्या सूनबाईंमुळं गल्लीत कुनाला सरपन कमी पडत न्हाई." गॅस आला तरी परसात छपराला टेकेल एवढी रास असायची, एकावर एक नीट रचलेली.

भिवराबाई गेली तेव्हा बंकट सरणाच्या लाकडाची सोय बघायला वखारीकडे निघाला होता. छबूने चौसाळ्याहून फोन करून त्याला थांबवलं. ट्रॅक्टर आणवला आणि परसातली सगळी रास स्वतःच्या हाताने त्यात भरली, एक ढलपीसुद्धा दुसऱ्या कुणाला उचलू दिली नाही.