बांधिला की बांधविला

बुधवार पेठेतल्या कोरड्या हौदावरच्या शिलालेखाला दर गणेशोत्सवाआधी ऑइलपेंट चढत असे. अक्षरे झिजत गेली, रंग मात्र जाड होत गेला. पुण्यात इतिहासाचे जतन बहुधा असेच होते. १९८३ च्या डिसेंबरात महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी तो रंग उतरवायला घेतला, तेव्हा त्यांच्या इतिहासाच्या प्राध्यापिका मंदाकिनीबाई शेजारी लोखंडी खुर्ची टाकून बसल्या होत्या.

लेखात वाचता येण्याजोगे उरले होते ते एवढेच: हिंदुराव, गेनबा पाथरवट आणि शेवटी एक क्रियापद. नावांपुढचे प्रत्यय फुटून गेलेले. तेव्हा निवाडा क्रियापदाच्या हाती. 'बांधविला' असेल तर हौद सरदार हिंदुरावांचा, गेनबा त्यांचा कामगार. 'बांधिला' असेल तर हौद गेनबाचा. हिंदुराव केवळ अंमलदार म्हणून दगडावर.

रंगात ठसठशीत 'बांधविला' होते. बाईंच्या प्रबंधातही तेच होते, आणि पंधरा वर्षांचा त्यांचा लौकिक त्या प्रबंधावर उभा होता.

"बाई, इथं व न्हाईच," त्या विद्यार्थ्यांतली वारज्याची शकू म्हणाली. "नुसता रंग हाय. नख कुठं अडकंना."

"नखाची साक्ष कोणी मानत नाही. ठसा घ्या."

ओला कागद दगडावर बसवून ब्रशाने ठोकला, सुकत आल्यावर त्यावर शाईची पुरचुंडी फिरवली. कोरलेले तेवढे पांढरे राहिले: वेलांटी, तिच्यापुढे ध, आणि लगेच ला. व कुठेच कोरलेला नव्हता; तो रंगाऱ्याचा होता.

तेवढ्यात आप्पासाहेब आले. हिंदुरावांचे वंशज, हौद समितीचे अध्यक्ष. रविवारी स्वच्छ केलेल्या लेखाचे अनावरण त्यांच्याच हस्ते व्हायचे होते. ठसा पाहून ते हसले.

"अहो बाई, राहू द्या की तो व. एका अक्षरानं काय बिघडतं?"

"काहीच नाही. म्हणूनच काढतोय."

मागे अनंत नावाच्या विद्यार्थ्याला अचानक खोकला आला.

"आपणच छापलंय. पान बेचाळीस. आमच्या दिवाणखान्यात फ्रेम करून लावलंय."

"उतरवा."

"म्हणजे आपलं पुस्तक खोटं?"

"चुकीचं. दुरुस्त होईल, कागद दगडापेक्षा मऊ असतो."

"मग रविवारी मी येणार नाही."

"हौदाची हरकत नसावी."

आप्पासाहेब गेले. बाई ठशाकडे पाहत राहिल्या. पंधरा वर्षांपूर्वी त्यांनी हा लेख फुटपाथवर उभे राहून उतरवून घेतला होता. दगडाला हात लावला नव्हता. पाथरवटाने स्वतःहून काही बांधले असेल, हे त्यांच्या विद्वत्तेला सुचलेच नव्हते. रंगारी निदान अडाणी होता. त्यांच्यापाशी तीही सबब नव्हती.

"शकू, रंग भर. कोरलंय तेवढ्यातच."

मग त्यांनी अनंतला वही काढायला लावली आणि ज्या संशोधनपत्रिकेने त्यांचा गौरव केला होता, तिच्या संपादकांना पत्र सांगितले: माझे वाचन चुकीचे होते, हौद गेनबा पाथरवटाने बांधिला.

"कारण लिहायचं का, बाई?" अनंतने चाचरत विचारले.

"लिहायचं. दगड सोडून रंग वाचला. आणि खाली माझं पूर्ण नाव घाल, पदवीसकट."