अळणी पंगत

गुणवंतानं ताट असं ढकललं, की आंबाडीची भाजी थेट चुलीपर्यंत उडाली.

"आजबी अळणीच? बापानं हेच शिकवलं का वं?"

"माया बापाचं नाव नोको घेऊ!" पार्बता उसळली. "मीठ आणून दे, मंग चव माग. बैलं मिठापायी भिंती चाटून राहिले, दिसत नाई तुले?"

गुणवंतानं बैलांकडे पाहिलं. खोटं नव्हतं ते. सत्तेचाळीसचा उन्हाळा, काळ्या रानात हात जाईल अशा भेगा, आणि गावात मिठाचा खडा नाही. मिठावरचा कर सरकारनं उठवला, ही बातमी तिगावच्या ठेसनावरून गावात आली तेव्हा बायांना वाटलं होतं, आता मीठ स्वस्त होईल, आंब्याचं लोणचं हात सैल सोडून घालता येईल. पण गावात दुकान एकच, गावच्या जमिनीचे मालक असलेल्या मालगुजार यशवंतरावांचं. कर होता तोवर महाग का होईना, मीठ मिळे. कर उठला आणि मीठच उठलं. "डबेच येऊन नाई राहिले रेल्वेचे," यशवंतराव सांगत. मागच्या दारानं मात्र तेच मीठ चौपट भावानं जाई.

"पार्बते," गुणवंता खाली मान घालून म्हणाला, "मीठ हाय. मालकाच्या सरकीच्या गोदामात. तिगावहून दोन गाड्या मीच आणल्या. बोलशीन तं तू वाहतं थे वावर काढून घेईन, म्हणे मालक."

"आन् ताट माया अंगावर फेकतं?" एवढंच बोलली ती. उठली, सांडलेली भाजी वेचली आणि बैलांपुढे टाकली. बैलांनीही तोंड फिरवलं.

त्याच आठवड्यात यशवंतरावांनी कर उठल्याच्या आनंदात गावजेवण काढलं. सौंसरहून पुढारी भगवंतराव येणार होते. ऐकून पार्बताच्या अंगाची लाही झाली. मिठाचा सत्याग्रह झाला त्या साली इथं समुद्र कुठून येणार, म्हणून लोकांनी सरकारी जंगलातलं गवत कापून कायदा मोडला. तिचा बाप त्यात होता. तुरुंगातून खोकला घेऊन आला आणि त्यातच गेला. त्या वेळी बाप कुठं लपला ते पोलिसांना दाखवणारे हेच यशवंतराव. आता डोक्यावर पांढरी टोपी.

आमराईत चुली पेटल्या. रांधायला गावच्याच बाया. मालकीणबाईनं टोपलीभर मीठ पाठवलं. पार्बतानं ते उचललं आणि पदराखाली झाकून ठेवलं.

"काय करतं वं?" शेजारची कौसी घाबरली. "मालक वावरात पाय नाई ठेवू देनार."

"नोको ठेवू देऊ. गावात मीठ नाई ना? मंग पंगतीत कुठून आलं?"

कौसी मीठ न घालताच वांग्याच्या भाजीतला डाव हलवू लागली. बाकीच्या बायांनीही भाजी-वरण तसंच अळणी उतरवलं.

भगवंतरावांचं भाषण झालं, यशवंतरावांनी त्यांना हार घातला, पळसाच्या पत्रावळ्या मांडल्या. भगवंतरावांनी पहिला घास घेतला आणि थांबले. वरणाचा भुरका मारला, पुन्हा थांबले.

"यशवंतराव, मीठ विसरलं वाटतं."

"कोण रांधत होतं?" यशवंतराव गरजले. "एवढीबी अक्कल नाई?"

पार्बता टोपली घेऊन पंगतीच्या मधून चालत आली. ती तिनं भगवंतरावांच्या पत्रावळीपुढं आदळली. खडे उडाले.

"साहेब, गावात मीठ नाई, असं मालक सांगतेत. आमी महिनाभर अळणी खाऊन राहिलो. आज तुमीबी खा. आन् हे टोपलं कुठलं, थे मालकाले विचारा!"

"खोटी हाय थे बाई!" यशवंतराव ओरडले.

पंगतीतून गुणवंता उठला. "पोती मीच उतरवली, साहेब. गोदाम उघडून पाहा."

यशवंतरावांचा चेहरा पांढरा झाला, पण माणूस मुरलेला. हसले. "अरे, थे तं आज वाटाचंच होतं! गावाले अचंबा द्याचा होता मले."

भगवंतरावांच्या जिवात जीव आला. त्यांनी टाळी वाजवली. आपल्या गळ्यातला हार काढून त्यांनी यशवंतरावांच्या गळ्यात घातला. लोकांनीही टाळ्या पिटल्या. पार्बताला वाटलं, तो हार तोडून चुलीत घालावा.

गोदाम उघडलं. पोती आमराईत आली. दुकानाच्या मुनिमानं तागडी उचलली, वजनाच्या पारड्याखाली सवयीनं बोट लावलं. पार्बतानं त्याच्या हातातून ती हिसकली.

"हार राहू द्या मालकाच्या गळ्यात," ती म्हणाली. "तागडी मी धरतो."

कोणी अडवलं नाही. शेवटच्या झोपडीतली म्हातारी पुढं आली, तिच्या फाटक्या पदरात पार्बतानं पारडं झुकतं ओतलं. मागं रांग लागली.

"बाई," भगवंतराव पत्रावळीवरून म्हणाले, "आधी या भाजीत तरी घाला."

पार्बतानं मान वर केली नाही. पुढच्या पदरासाठी पारडं भरत म्हणाली, "थांबा, साहेब. आधी गाव."