गाठीखालची फांदी

शेवटी गुलाब फुलला. हे वाक्य आपण वाचलंच नाही असं समजू आणि पुढे जाऊ. ज्या माणसाची ही गोष्ट आहे त्याला अजून ते माहीत नाही, आणि त्याच्या आधी आपण जाणून बसणं बरं दिसत नाही.

त्या माणसाला अख्खी इमारत लिफ्टकाका म्हणायची. जन्मभर त्यांनी लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी मुद्दाम सगळ्यात वरच्या मजल्यावर घर घेतलं. लिफ्टवर इतका विश्वास असलेलं गिऱ्हाईक बिल्डरने त्याआधी पाहिलं नव्हतं. काकूंनी घराकडे पाहिलंच नाही, थेट गच्चीत गेल्या आणि ऊन कुठून येतं ते बघून हो म्हणाल्या.

गच्चीत मग सिमेंटच्या तीन कुंड्या आल्या, लहान मूल आंघोळीला बसेल एवढ्या. कडेच्या दोन कुंड्यांत झुडपं, एकीत कण्हेर आणि एकीत जास्वंद, मध्ये गुलाब. झुडपांनी वारा खायचा आणि गुलाबाने ऊन, अशी काकूंची वाटणी होती. कुंड्या विटांवर ठेवल्या, खालच्या भोकांतून पाणी निघून जावं म्हणून. गुलाब निवडताना काकूंनी फुलांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. प्रत्येक रोपाच्या बुंध्याजवळची गाठ अंगठ्याने चाचपत त्या नर्सरीभर फिरल्या. ही रोप घेतेय की नाडी बघतेय, असं काका नर्सरीवाल्या बाईंना म्हणाले होते. बाई हसल्या होत्या. काकू हसल्या नव्हत्या, त्यांचं मोजणं चुकलं असतं.

सोसायटीच्या सचिवांना मात्र गच्चीच्या स्लॅबची काळजी लागली. काकांनी त्यांना समजावलं की पाणी प्यायलेली कुंडी म्हणजे पाच माणसं, आणि गच्चीतल्या सभेच्या दिवशी बिस्किटांच्या कोपऱ्यात त्याच्या पाचपट माणसं उभी असतात, तेव्हा स्लॅबला काही होत नाही. सचिव म्हणाले, लेखी द्या. सचिवांना तोंडी बोललेलं ऐकूच यायचं नाही. काकांनी लेखी दिलं. त्यावर शिक्का बसला आणि तो कागद कपाटात गेला. स्लॅब आणि कुंड्या होत्या तिथेच राहिल्या.

मग काकू गेल्या. हे लेखी द्यायची गरज पडली नाही, सगळ्यांना आपोआप कळलं.

कुंड्या काकांकडे आल्या. त्यांना झाडांतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण देखभाल कळत होती. सकाळी ते लिफ्टने गच्चीत जायचे. लिफ्टमध्ये पाटी होती, आठ माणसं. म्हणजे रोज सात माणसांची जागा रिकामी वर जायची आणि रिकामी खाली यायची. वर गेल्यावर ते गुलाबाला पाणी घालायचे आणि घरातल्या बातम्या द्यायचे. दूध उशिरा आलं, शेजाऱ्यांनी पुन्हा सोफा बदलला, गुडघा बरा आहे. गुलाब ऐकून घ्यायचा. घरात हल्ली एवढं ऐकून घेणारं कोणी नव्हतं.

त्या गुलाबाला तेव्हा दोन फांद्या होत्या. एक खुरटलेली, पानांवर काळे ठिपके पडलेली. दुसरी बुंध्याशी मातीतून निघालेली, हिरवीगार, दिवसागणिक वर चढणारी. काकांचा धंद्यातला एकच नियम होता, वर जातंय ते चालू, अडकलंय ते बिघडलेलं. त्यांनी अडकलेली फांदी मुळाशी कापली, हात झटकले आणि उरलेलीला खत घातलं.

उरलेली फांदी सुटलीच. पाण्याच्या टाकीपर्यंत गेली, टाकीला वळसा घालून परत खाली बघू लागली. फूल मात्र एक नाही. काका म्हणायचे, सध्या प्रवासात आहे, पोचल्यावर फुलेल.

मुलगी दूरच्या शहरात नोकरीला होती. रविवारी फोन करायची आणि आईचा गुलाब फुलला का, एवढं न चुकता विचारायची. काका उद्या-परवा म्हणायचे. एका रविवारी तिचा आवाज फार थकलेला वाटला म्हणून ते म्हणाले, फुलला. तिने फोटो मागितला. काकांनी स्वतःच्या अंगठ्याचा फोटो पाठवला आणि कॅमेऱ्यावर ढकललं. मुलगी म्हणाली, मग मी येतेच, मला माझ्या बाल्कनीत आईच्या गुलाबाची एक फांदी लावायची आहे.

काका टाकीवरची एक डहाळी तोडून नर्सरीवाल्या बाईंकडे गेले. फूल कधी येईल एवढंच त्यांना विचारायचं होतं. बाईंनी पानं पाहिली, काटे पाहिले, फांदी नेमकी कुठून निघाली ते विचारलं.

“काका, हा काकूंचा गुलाब नाही. हा खालचा खुंट. रानटी गुलाबाच्या खुंटावर वरचा गुलाब बांधलेला असतो, त्याची ती गाठ. गाठीच्या वरचं सगळं तुम्ही कापलंत.”

काकांनी विचारलं, परत जोडता येईल का. बाई नाही म्हणाल्या. मग आत जाऊन त्यांनी तसाच लाल गुलाब आणला. रंग तोच, जात तीच, मुलीला कळायचं नाही, म्हणाल्या.

काकांनी तो घेतला. लिफ्टमध्ये आरशासमोर उभं राहून सराव केला, हा आईचा गुलाब. पहिल्या खेपेला ‘हा आईचा’ इथेच अडकले. लिफ्ट वर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली. शेवटी ते मधल्याच मजल्यावर उतरले आणि रोप सचिवांच्या दारात ठेवून आले. दुसऱ्या दिवशी फलकावर सूचना लागली, बेवारस गुलाब आढळला आहे, मालकाने लेखी ओळख पटवावी.

मुलगी आली. बॅग खांद्यावरून न काढताच गच्चीत गेली, टाकीकडे बघत उभी राहिली.

“तुझ्या आईचा गुलाब मी कापला,” काका म्हणाले. “वाळलाय असं वाटलं.”

“मग हा कोण?”

“हा खालचा. तिच्या गुलाबाला खालून धरून होता. इतकी वर्षं कोणी बघितलंच नाही त्याच्याकडे.”

मुलीने बॅग खाली ठेवली. मग म्हणाली, “आणि मला फुलाची थाप मारलीस. बाबा, तुझा अंगठा मी वॉलपेपरला लावलाय.” असं म्हणून ती कुंडीच्या कडेवर बसली आणि रडली. काकांनी जास्वंदीला पाणी घातलं, तिला सकाळीच घातलेलं असताना.

सुट्टी संपली. जाताना तिने टाकीवरच्या फांदीचा एक तुकडा ओल्या कागदात गुंडाळून बॅगेत घेतला. तिला टोकाला बारीक दाणे दिसले होते. “या कळ्या आहेत, बाबा. बघत राहा.” लिफ्टचं दार लागलं. आत एक माणूस आणि एक फांदी, वजन मर्यादेत.

ती पोचायच्या आतच ते दाणे फुटले. लहान, पांढरी, पाच पाकळ्यांची फुलं, घोसाने, टाकीभर. काकांनी फोटो काढला, त्यात अंगठा आलाच. तिचा फोन लागेना. दुपारी वारा सुटला. तो कण्हेरीने आणि जास्वंदीने खायचा, पण फुलं त्या दोघींच्या फार वर होती. पाकळ्या गळू लागल्या. गच्चीत दुसरं कोणी नव्हतं आणि सांगायचं तर फार होतं. काका खाली आले, टेबलाशी बसले आणि त्यांनी लिहिलं:

मा. सचिव यांस, विषय: गच्चीवरील पांढऱ्या फुलांबाबत. उपरोक्त फुले आज सकाळी उमलली असून निम्नस्वाक्षरीकाराखेरीज ती कोणीही पाहिलेली नाहीत. तरी सदर फुलांच्या गळण्यास अर्जदाराची मुलगी पुन्हा येईपर्यंत स्थगिती देण्यात यावी, ही नम्र विनंती.