काटा बोलला

गोदामातला वजनकाटा केबलने डॉसच्या जुन्या संगणकाला जोडायचा, एवढंच काम होतं. पण काटा तीन दिवस मिठाची गुळणी धरून बसला होता. प्रोग्रामरने सी भाषेतला कोड उलटासुलटा करून पाहिला, पोर्टचा वेग बदलला, शेवटी हात टेकले. चौथ्या दिवशी सकाळी त्याने सवयीने 'रेडी?' असं पाठवलं, तर पडद्यावर लगेच 'रेडी?' उमटलं.

"बोलला," तो गोदामवाल्या काकांना म्हणाला, आणि त्याची कॉलर आपोआप ताठ झाली.

काकांनी काट्यावर पोतं चढवलं. पडद्यावर 'रेडी?'. पोतं उतरवलं, तरी 'रेडी?'. मग काका चपला काढून स्वतःच उभे राहिले. तरीही तेच.

"वजन सांगायचं सोडून हा मलाच काय विचारतोय?" असं पुटपुटत काका केबल चाचपत निघाले. तिचं दुसरं टोक पोत्यांमागे लोंबत होतं. ते काट्याला लावलेलंच नव्हतं, आणि त्यात कागदाची क्लिप खोचलेली होती.

प्रोग्रामरचा चेहरा खर्रकन उतरला. केबल धड आहे का, म्हणजे पाठवलेलं क्लिपमधून फिरून तसंच परत येतं का, हे तपासायला ती आदल्या संध्याकाळी त्यानेच खोचली होती.

"म्हणजे सकाळपासून तुमचंच तुम्हाला ऐकू येत होतं," काका म्हणाले. "तरीच एवढं पटत होतं."

त्याने क्लिप काढून केबल काट्याला लावली आणि पुन्हा 'रेडी?' विचारलं. उत्तर आलं, 'एरर'.

"हां," काका म्हणाले, "हा मात्र आपलाच काटा."